मुलाखतीत शेती सांगू की लपवू?

पत्र: "सर, मी मंगळवेढा तालुक्याच्या दक्षिण भागातली. वय 24. राहुरीच्या विद्यापीठाशी संलग्न कॉलेजातून बी.एस्सी. ॲग्री झालेय. घरची साडेचार एकर, सगळी कोरडवाहू. ज्वारी आणि तूर. डाळिंबाची बाग होती, ती तेल्या रोगानं गेली. सोसायटीचं कर्ज तेवढं राहिलं. आण्णांनी वर्षभर पुण्यात ठेवलं. राज्यसेवेची पूर्व थोडक्यात हुकली. दिवाळीपासून घरी आहे. वस्तीवरच्या सगळ्यांची ई-पीक पाहणी माझ्याच मोबाईलवरून होते, एवढाच माझा उपयोग. आण्णा म्हणतात, खत-औषधांच्या कंपनीत फील्डवरची नोकरी मिळतीय, ती धर. पुण्यातले एक सर म्हणाले होते, 'शेतकऱ्याची मुलगी' हे मुलाखतीत चांगलं चालतं. रूमवरच्या मुली मात्र माझ्या बोलण्याला हसायच्या. आणि परवा चुलते म्हणाले, 'शेतात राबायला नको म्हणून साहेब व्हायचंय तुला.' ते फार लागलं. परत पुण्याला जाऊ का? मुलाखतीत शेतीचं सांगू की लपवू? आणि चुलत्यांचं खरं आहे का?"

उत्तर:

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीचे दोन त्याच्याच पोटात आहेत.

चुलत्यांचं निम्मं खरं आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. आपल्या सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही कधी सगळा दोन आठवड्यांत. उजनी धरण मायनसमध्ये, म्हणजे मृत साठ्यात गेलं की अख्खा जिल्हा आकाशाकडे बघतो, आणि तुमच्या भागानं तर पाण्यासाठी पिढ्या घालवल्या. अशा रानातून बाहेर पडावंसं वाटणं ही गद्दारी नाही. मी महसूल खात्यात नोकरी केली. माझ्याबरोबर लागलेल्या शेतकऱ्यांच्या पोरांपैकी बहुतेक जण महिन्याच्या महिन्याला पगार यावा म्हणूनच आले होते. "शेतकऱ्यांची सेवा करायची होती" हे त्यांना नंतर, सत्काराच्या भाषणात आठवलं.

चुलत्यांचं उरलेलं निम्मं मात्र चुकीचं आहे. साहेब झालीस म्हणून तू शेतातून सुटत नाहीस. तहसीलच्या कामातला मोठा हिस्सा जमिनीचाच असतो. वाटणी, वहिवाट, रस्ता, वारस, पंचनामा, टंचाई. खुर्ची बदलते, बांध तोच राहतो.

आता एक कडू गोष्ट. शेतकऱ्याच्या घरातून आलेला अधिकारी शेतकऱ्याशी बरा वागतोच असं नाही. उलटंही पाहिलंय. टेबलासमोर उभ्या म्हाताऱ्याला सगळ्यात जास्त ताटकळत ठेवणारा माणूस कधी कधी तसल्याच घरातला असतो. त्या म्हाताऱ्यात त्याला स्वतःचा बाप दिसतो आणि तेच त्याला नको असतं. म्हणून "मी शेतकऱ्याची मुलगी" या वाक्याला माझ्या लेखी फारशी किंमत नाही. त्या वाक्याच्या मागं काय काय ठाऊक आहे, त्याला किंमत आहे.

तुला काय ठाऊक आहे ते तुलाच कळलेलं नाही, असं पत्रावरून वाटतं. "एवढाच माझा उपयोग" असं लिहून तू ई-पीक पाहणी बाजूला सारलीस. 15 ऑगस्ट 2021 ला ही पाहणी राज्यभर सुरू झाली, तेव्हापासून बारा नंबरचा उतारा, म्हणजे सात-बारावरची पिकांची नोंद, शेतकऱ्यानं स्वतः मोबाईलवरून भरायची असं ठरलं. ठरवणाऱ्यांच्या हिशेबात प्रत्येक शेतकऱ्याच्या हातात फोन होता आणि प्रत्येक गटात रेंज होती. तुझ्या वस्तीवर तो फोन म्हणजे तू. कुणाच्या गटात उभं राहिलं तरी लोकेशन दुसऱ्याच गटाचं दाखवतं, शेवटच्या दोन दिवसांत सर्व्हर का बसतो, एका पिकात दुसऱ्याच्या ओळी टाकल्या तर मिश्र पीक नोंदवताना कुठं अडतं, पीक नोंदलं नाही म्हणून पुढं विम्याला आणि अनुदानाला कोण मुकलं, हे सगळं तुझ्या डोळ्यांसमोर घडलंय. मुख्य परीक्षेत ई-प्रशासनावर प्रश्न आला तर पुण्यातल्या नोट्स वाचलेला मुलगा योजनेचे फायदे लिहील. तू योजना नेमकी कुठं अडते ते लिहू शकतेस, आणि ती मुळात का हवी होती तेही.

अतिवृष्टीचंच बघ. महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, चोवीस तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरली जाते. पण पर्जन्यमापक असतो मंडळाच्या गावाला, आणि ढग फुटतो दहा किलोमीटर लांब तुझ्या शिवारात. माती वाहून जाते आणि कागदावर तुझं मंडळ निकषात बसतच नाही. पुढं पंचनामा. नुकसान 33 टक्के किंवा जास्त असेल तरच मदत. आता तीस टक्के आणि पस्तीस टक्के यातला फरक डोळ्यांनी ठरवायचा कसा? तुरीचं फूल गळालं आणि झाड हिरवंगार उभं आहे, तर नुकसान किती? बांधावरूनच पंचनामा करणारा झाड बघतो. ज्याच्या घरी तूर आहे तो शेंग बघतो. 2025 च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला तेव्हा माढा-मोहोळकडं, दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात, लोकांना पाण्यातून काढावं लागलं. अशा वेळी कुठली वस्ती खोलगट आहे, जनावरं कुठल्या माळावर हलवता येतील, कडब्याच्या गंजी कुणाच्या वाहून गेल्या, हे विचारायचं सुचण्यासाठी गोठ्यात वाढलेलं असावं लागतं. नकाशा असतो, पण नकाशात गंजी नसते.

तेव्हा मुलाखतीचं उत्तर: लपवूही नकोस आणि विकूही नकोस. "माझ्या वडिलांनी काबाडकष्ट करून…" असं सुरू केलंस की समोरचे सदस्य मनातल्या मनात घड्याळ बघतात. त्या खोलीत जाणाऱ्या कितीतरी मुलांचे वडील कष्ट करूनच थकलेले असतात. त्याऐवजी त्यांनी डाळिंबाबद्दल विचारलं तर तेल्या म्हणजे जिवाणूजन्य करपा, तो पावसाळी दमट हवेत का वाढतो, हस्त आणि मृग बहारात धोक्याचा फरक काय, केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रानं काय उपाय सांगितले, त्यातले कोणते तुमच्या बागेत जमले आणि कोणते पैशापायी जमले नाहीत, हे सांग. बाग गेल्याचं दुःख सांगू नकोस, बाग का गेली ते सांग. तसं सांगणारी मुलगी आपोआप वेगळी दिसते.

आणि मुलाखतीची एवढी चिंता आत्ता कशाला? 2025 पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. लेखी 1,750 गुणांची, मुलाखत 275 ची. एकूण 2,025 मध्ये मुलाखतीचा वाटा सातवा हिस्सासुद्धा नाही. तू तर पूर्व परीक्षेत अडकलीस. तिथं कुणी तुला घरचं विचारत नाही. तिथं इतिहास, भूगोल, राज्यघटना, अर्थव्यवस्था, पर्यावरण, विज्ञान, चालू घडामोडी आणि सी-सॅट या पात्रतेच्या पेपरात 33 टक्के, एवढंच. त्यासाठी शेतकऱ्याची मुलगी असण्याचा काडीचा उपयोग नाही. वेळ लावून पेपर सोडवण्याचा आहे.

मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली ही मात्र तुझ्यासारखीला चांगली बातमी आहे. चार पर्यायांत गोल काळा करताना अनुभव कुठं लिहिणार? निबंधात आणि सामान्य अध्ययनाच्या उत्तरांत लिहिता येतो. ऐच्छिक विषयांच्या यादीत कृषी आहे, तो 500 गुणांचा. बी.एस्सी. ॲग्री केलेल्यांना तो सरळ वाटतो, पण आधी जुने पेपर बघ, आपल्याला लिहून किती येतं ते तपास, मग ठरव. पदवी आहे म्हणून विषय येतोच असं नाही. परीक्षेपुरतं पाठ केलेलं कॉलेज संपल्यावर किती उरतं, ते तुझं तुला माहीत.

आता घरातली ट्रंक उघड. थट्टा नाही. त्यात सात-बारा, आठ-अ, फेरफाराच्या नकला, सोसायटीची नोटीस, विम्याच्या पावत्या असतील. एक दिवस आण्णांना शेजारी बसव आणि एकेक कागद वाच. सातवर भोगवटादार कोण, इतर हक्कात सोसायटीचा बोजा किती आणि कधीचा, आजोबा गेल्यावर वारसाचा फेरफार कोणत्या नंबरनं झाला, त्यात आज्जीचं नाव आलं का, आत्यांची आली होती का आणि नंतर हक्कसोड कधी झालं. बहुतेक घरांत ते एखाद्या राखीपौर्णिमेच्या आसपास, साडी नेसवून झालेलं असतं. मग हिंदू वारसा कायद्यातली 2005 ची दुरुस्ती वाच. महाराष्ट्रानं मुलींना हा हक्क 1994 लाच दिला होता, हेही वाच. आत्यांचा फेरफार हातात धरून वाचलेलं कलम विसरत नाही.

तसंच रस्त्याचं. तुमच्या शिवारात रस्त्यावरून भांडण नाही असं होणारच नाही. अडवलेली वाट मोकळी करून घ्यायची तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5. बांधावरून नवा रस्ता मागायचा तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966, कलम 143. दोन्हीत फरक काय, निकाल देणारा तहसीलदार जागेवर जाऊन काय बघतो, हे गावातल्या एखाद्या जुन्या निकालाची नक्कल मिळवून समजून घे. उद्या तूच ते निकाल देणार असशील तर आजपासून वाचायला काय हरकत आहे?

गावाला पाझर तलाव आहे का? असेल तर तो कुठल्या सालचा, ते म्हाताऱ्यांना विचार. बऱ्याच गावांत उत्तर येईल, "बहात्तरच्या दुष्काळातला." तिथं खडी फोडलेल्या, माती वाहिलेल्या बाया अजून एखाद-दुसरी असतील. त्या कामामागं रोजगार हमीची कल्पना होती, ती मांडली वि. स. पागे यांनी. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचा माणूस, विधान परिषदेचा सभापती. काम मागेल त्याला काम, हे त्यांनी आधी तासगाव तालुक्यात करून पाहिलं, बहात्तरच्या दुष्काळात ते राज्यभर पोचलं, 1977 ला त्याचा कायदा झाला, आणि पुढं 2005 ला देशाचा. तू विचारतेस ना, शेतीतल्या वाढण्याचा कारभारात काय उपयोग? दुष्काळी पट्ट्यातल्या माणसाला ठाऊक असतं की उपासमार धान्य नसल्यानं कमी आणि हातात मजुरी नसल्यानं जास्त होते. ते ठाऊक असणं म्हणजे कायदा नव्हे, पण कायदा त्यातून निघाला.

मंगळवेढ्याची आहेस म्हणून दामाजीपंतांचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. बिदरच्या बादशहाचा अधिकारी, दुष्काळात सरकारी कोठार उघडलं, लोकांना धान्य वाटलं, आणि भरपाई करायला विठ्ठल धावला अशी कथा. सगळ्या सत्कारात ही कथा सांगतात. माझं मत विचारशील तर आजच्या अधिकाऱ्यानं विठ्ठलाच्या भरवशावर कोठार उघडू नये. लेखापरीक्षणाला विठ्ठल येत नाही. टंचाईत जिल्हाधिकाऱ्यांचे अधिकार कोणते, टँकर कुठल्या निकषावर, पैसेवारी, म्हणजे पिकाच्या उत्पन्नाचा सरकारी अंदाज, पन्नासच्या खाली आली की कोणत्या सवलती लागतात, हे शासन निर्णयासकट ज्याला तोंडपाठ असतं तो नियमात राहूनही बरंच कोठार उघडू शकतो. नियम माहीत नसलेला दयाळू माणूस फक्त हळहळतो.

आता पुणं. माझं उत्तर: आत्ता नको. पुणं वाईट म्हणून नव्हे. तिथं क्लासची, सोबतीची, वातावरणाची मदत होते हे खरं. पण तुझ्या घरावर थकलेलं कर्ज आहे, आणि दर महिन्याला आण्णांकडं पैसे मागताना तुझा अभ्यास होणार नाही. पूर्वचा अभ्यास मंगळवेढ्यात किंवा सोलापुरात अभ्यासिका लावून होतो. पुस्तकं तीच, टेस्ट सीरिज ऑनलाइन मिळते. तुझ्या प्रवर्गाप्रमाणे बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या प्रशिक्षणाच्या जाहिराती निघतात, त्यावर नजर ठेव. तिथून विद्यावेतनासह निवड झाली तर पुण्याला अवश्य जा.

घरी राहायचं तर एक अट घालून घे. ज्वारीच्या काढणीत अभ्यासाचं नाटक करू नकोस. काढणीच्या दिवसांत रानात जा, त्या दिवसांचा अभ्यास हिशेबातूनच काढून टाक. आणि बाकीच्या वेळी "जरा म्हशीला वैरण टाक गं" याला "अकरा वाजता टाकते" म्हणायला शीक. घरात बसलेल्या मुलीच्या अभ्यासाचा वेळ सगळ्यांच्या मालकीचा असतो. भावाचा नसतो. हे भांडण तुला करावं लागेल, ते आण्णांशी नव्हे तर बहुधा आईशी.

कंपनीच्या नोकरीबद्दल तुला वाटतंय तेवढा मला तिटकारा नाही. पण फील्डची नोकरी म्हणजे जून ते ऑक्टोबर दुचाकीवर, टार्गेट डोक्यावर. संध्याकाळी पुस्तक उघडायचं त्राण राहत नाही. तेव्हा आधी कर्जाचा आकडा बघ. पीककर्ज तीन लाखांपर्यंतचं असेल आणि मुदतीत भरलं तर व्याज शून्य टक्के पडतं. थकलं की ती सवलत जाते. रक्कम वर्षभराच्या पगारात फिटण्यासारखी असेल तर एक वर्ष नोकरी कर, कर्ज नियमित कर, सोबत पूर्वचा अभ्यास जमेल तेवढा चालू ठेव. रक्कम त्याहून मोठी असेल तर तुझ्या एका वर्षानं ती फिटणार नाही, मग वर्ष कशाला घालवायचं?

राज्यसेवा हा एकच दरवाजा धरून बसू नकोस. तुझ्याकडं ॲग्रीची पदवी आहे, म्हणजे महाराष्ट्र कृषी सेवा तुला खुली आहे. ती ज्यांच्याकडं पदवी नाही त्यांना देताच येत नाही. तालुका कृषी अधिकारी हे पद काही कमी नाही. माझ्या मते तुझ्या पिंडाला ते तहसीलदारकीहून जास्त जवळचं आहे, पण तुला लाल दिव्याची गाडी दिसत असेल. तो दिवा 2017 ला गेला, बरं का. लोकांच्या डोक्यातला तेवढा राहिलाय. सहायक कृषी अधिकाऱ्याची (पूर्वीचा कृषी सहायक), ग्राम महसूल अधिकाऱ्याची (पूर्वीचा तलाठी) भरती निघाली तर तीही दे. फक्त गर्दीचा अंदाज असू दे: 2023 च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांच्या वर.

वय 38 पर्यंत चालतं, राखीव प्रवर्गाला 43, असं सांगणारे खूप भेटतील. ते ऐकू नकोस. मर्यादा सरकारची आहे, तुझी नाही. आणखी दोन पूर्व परीक्षा मन लावून दे. दोन्हीत मुख्यपर्यंत पोचली नाहीस तर राज्यसेवा बंद, कृषी सेवा आणि नोकरी चालू. हे आजच आण्णांना सांगून टाक. त्यांची काळजी तुझ्या नापास होण्याची नाही, याला शेवट कधी याची आहे.

आणि यातलं काहीच जमलं नाही तर लोकांची कामं करायचे मार्ग संपतात का? शेजारच्या सांगोल्यातून गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार झाले, पहिल्यांदा 1962 ला, आणि आयुष्यभर पाण्याचाच हिशेब मागत राहिले. तुझ्या ग्रामपंचायतीत निम्म्या जागा महिलांच्या आहेत. त्यातल्या किती जागांवर पतिराज बसतात ते तू बघतेसच. वस्तीची पीक पाहणी करणारी मुलगी सदस्य म्हणून उभी राहिली तर निदान ग्रामसभेचं इतिवृत्त तरी वाचलं जाईल. हा पर्याय पराभवाचा म्हणून सांगत नाही. पण तो आज तुझ्या मनात नाही, म्हणून लांबवत नाही.

रूमवरच्या मुलींचं मनावर घेऊ नकोस. लेखी मराठी प्रमाण ठेव, शुद्धलेखन पक्कं कर, बोलणं आहे तसं राहू दे. अक्कलकोटला कन्नड, सोलापूर शहरात तेलुगू कानावर येणाऱ्या जिल्ह्यात मंगळवेढ्याची मराठी कुणाला अडत नाही.

चुलत्यांना उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नकोस. त्यांच्या वाट्याच्या रानाची पीक पाहणी झालीय का ते बघ, नसेल तर करून दे.

एक काम मात्र याच आठवड्यात. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, जातीचा आणि लागू असेल ते नॉन-क्रीमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र, यांच्या तारखा तपास. दहावीच्या दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव एक आहे का तेही बघ. जाहिरात निघाल्यावर दाखले देणाऱ्या सेतू केंद्रात अख्खा तालुका असतो, आणि त्यातले निम्मे शेतकऱ्यांचीच पोरं.